साडेदहापर्यंत

लाल रबर होतं ते. दहा हिरांच्या जुडीला मधोमध दोन वेढे घालून बसवलेलं, नवं, सकाळीच पाकिटातून काढल्यासारखं चकचकीत, आणि राजसबाईंची नजर त्यावरून हलेना. गाठ कुठे गेली? फूलवाली गजरे बांधते तसला केळीच्या सोपाचा दोरा, पाण्यात भिजवून मऊ केलेला, त्याची एकच साधी गाठ... ती काढून तिथे रबर कुणी चढवलं? नारळाच्या झाडूचे हीर, वीतभर कापलेले, दहा-दहाच्या चार जुड्या आणि दोन सुटे. बेचाळीस. टेबलामागच्या पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'मौन वजाबाकी', आणि खाली, जरा लहान अक्षरांत, विद्यालक्ष्मीचं नाव.

घड्याळात दहाला दहा कमी होते. साडेदहापर्यंत बोलायचं नाही. गुरुवार.

शाळेच्या हॉलमध्ये प्राथमिकच्या सगळ्या बाया बसल्या होत्या. खिडकीबाहेर पेरुंगुडीच्या कंपन्यांच्या काचा उन्हात पेटल्यासारख्या, आणि पंखे नुसता गरम वारा ढवळत होते. सकाळी फाटकाशीच विद्या धावत आली होती. नवी पिवळी साडी, केसांत मोगरा. "अक्का, आज गुरुवार, नाही का? बोलू नका, बोलू नका! तुम्ही नुसत्या पुढे बसा. मी सांभाळते सगळं." हात धरून तिने पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि राजसबाईंना बरंच वाटलं होतं... किती काळजी घेते पोर! मी हसले सुद्धा तिच्याकडे बघून. हसले मी.

अठरा वर्षं झाली. लेक नंदिता तीन वर्षांची, ताप उतरेना, एग्मोरच्या दवाखान्यात तिसरी रात्र, आणि गुरूंच्या मठातल्या म्हाताऱ्या मामींनी सांगितलं, जे सगळ्यात सोपं वाटतं ना, ते देऊन टाक. बोलणं सोपं होतं. बोलण्यावरच तर पोट होतं. गुरुवारी उठल्यापासून साडेदहापर्यंत तोंड उघडायचं नाही, लिहायचंही नाही, लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, आणि मौन सुटताना तळहातावर पाणी घेऊन पहिला शब्द गुरूंचा. मग बाकीचं. ताप उतरला. नंदिता आता कोइंबतूरला नोकरी करते, आईच्या मौनाला हसते, गुरुवारी मुद्दाम सकाळी फोन करून एकटीच बडबडते आणि 'सरि अम्मा, छान गप्पा झाल्या' म्हणून ठेवते.

पहिली काही वर्षं गुरुवारचे तास त्या बदलून घेत. मग एका गुरुवारी बदली कुणी मिळालीच नाही. तिसरीचा वर्ग, चाळीस मुलं, वजाबाकी. आठवडाभर घसा फोडून झाला होता, एकक, दशक, शेजारच्या घरातून दहा आणा, मुलं माना डोलवायची आणि पाटीवर बेचाळीसातून सतरा गेले की पस्तीस लिहायची. त्या दिवशी बोलताच येईना. कोपऱ्यातला झाडू सोडून त्यांनी हीर कापले, देवासाठी गजरा आणला होता त्याचाच दोरा सोडवून जुड्या बांधल्या, चार जुड्या आणि दोन सुटे हीर मांडून फळ्यावर कालचा सतरा उरला होता त्यावर नुसतं बोट ठेवलं, आणि एका मुलीपुढे तळहात पसरला. तिने एक जुडी दिली. दोन सुटे दिले. आणखी पाच हवेत. सुटे नाहीत. पोरीने वर बघितलं, राजसबाईंनी खाली. हात पाठीमागे बांधून घेतले, कारण हात फार शिवशिवत होते. पंख्याची करकर... कुणीतरी शिंकलं... किती वेळ गेला देव जाणे... आणि मग त्या इवल्या बोटांनी जुडीची गाठ धरली, नखाने उकरली, सोडली. दहा हीर टेबलावर पसरले तेव्हा सबंध वर्गाने एकदम श्वास सोडला. तसा श्वास त्यांनी आधी फक्त मठात ऐकला होता, पडदा सरून आरती दिसते तेव्हा.

तेव्हापासून वजाबाकी गुरुवारची. आणि नेम एकच, गाठ बाईने सोडायची नाही. कितीही वेळ लागो.

हे विद्याला ठाऊक आहे. विद्याला सगळं ठाऊक आहे! आठ वर्षांपूर्वी आली तेव्हा स्टाफरूमच्या कोपऱ्यात रडत बसली होती, चौथीच्या मुलांनी तिच्या तमिळची नक्कल केली म्हणून, आणि राजसबाईंनी डबा पुढे सरकवला होता, डांगर पचडी बघून ती रडता रडता म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण आमच्यातल्याच?" तंजावरची मराठी, आजीच्या तोंडची, त्या स्टाफरूममध्ये दोघींनाच कळणारी. त्याच भाषेत ती म्हणाली होती, "अक्का, मागच्या बाकावर बसू का गुरुवारी? मला शिकायचंय." बसायची. वही घेऊन, पूजेला बसावं तशी मांडी घालून, दोन वर्षं. साडेदहा वाजले की पाण्याची बाटली तीच उघडून द्यायची. "हे कसं हो सुचलं तुम्हाला?" आणि राजसबाई म्हणायच्या, "मला कुठे सुचलं? गुरूंनी करवलं."

ती वही आता पडद्यावर होती. पायरी एक, पायरी दोन, रंगीत चौकटींत.

संचालक रामस्वामी सर उठले. "तर, जूनपासून एकच बाई सगळं शिकवते हे बंद. तमिळ, इंग्रजी, गणित, परिसर, मुख्य विषयांना स्वतंत्र शिक्षक. तिसरी ते पाचवी गणित कुणाकडे, ते आज ठरवून टाकू. यादी माझ्याकडे आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर हा तास संपायच्या आत म्हणा, पोदुम, पुरे झालं, नंतर माझ्या खोलीबाहेर रांग नको." बाया हसल्या. "आणि तारखेचा त्रास झाला असेल तर विद्यालक्ष्मींना बोला हं, मी मंगळवार म्हणत होतो. गुरुवारच हवा म्हणाल्या."

गुरुवारच हवा.

राजसबाईंनी मान वळवली नाही. पर्समध्ये पेन होतं. पर्सवर हात होता. गणित गेलं तर काय राहील माझ्याकडे? सव्वीस वर्षं मी सगळंच शिकवलं, पण वर्गात शिरताना पावलं हलकी व्हायची ती त्या एका तासाला. लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. अठरा वर्षांत एकदा नाही मोडलं, ज्या गुरुवारी नवरा गेला त्या सकाळी सुद्धा दारात आलेल्यांपुढे नुसते हात जोडले होते... आणि आता एका तिसरीच्या तासासाठी? ...पण तो तासच तर.

"राजस मिस काही बोलत नाहीत," सर म्हणाले. "तुम्ही सगळ्यांत जुन्या."

"अक्कांचं आज मौन आहे, सर," विद्या म्हणाली. किती गोड आवाज. "मी सांगते ना त्यांचं मन. त्यांना मूल्यशिक्षण फार आवडेल. इतक्या देवभक्त आहेत. मुलांना श्लोक, गोष्टी... गणिताची दगदग कशाला आता त्यांना?"

"अय्यो, कुणी गप्प बसतं म्हणून तरी एक प्रश्न सुटतो!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसणं. विद्याने राजसबाईंकडे बघितलं. क्षणभरच. त्या नजरेत लाज असती तर बरं झालं असतं. तिच्यात नुसती घाई होती.

मग तिने यामिनीला बोलावलं.

यामिनी. मागच्या वर्षीची, त्यांच्या वर्गातली, दोन घट्ट वेण्या, पुढचा दात नसलेली. गेल्या जुलैत या पोरीने एका गाठीसाठी पंधरा मिनिटं घेतली होती आणि तासाची घंटा झाली तरी वर्गातलं कुणी उठलं नव्हतं. विद्याने ओठांवर बोट ठेवलं, फळ्यावर सतरा लिहिला, तळहात पसरला. यामिनीने जुडी दिली. दोन सुटे दिले. थांबली.

आता थांब, विद्या. राजसबाईंचे हात आपोआप पाठीमागे गेले, खुर्चीच्या पाठीत अडकले. आता काही करू नकोस, नुसती खाली बघ...

विद्याने तीन मोजावेत इतकाच वेळ थांबून, सगळ्यांकडे बघत, हसत, जुडी उचलली आणि रबराखाली बोट घातलं. पडद्यावर लिहिलंच होतं, पायरी चार, शिक्षिका जुडी सोडते. दोन वर्षं मागच्या बाकावर बसून तिने सगळं उतरवून घेतलं होतं, आणि न केलेली एकच गोष्ट तेवढी वहीत आली नव्हती.

यामिनीने जुडी तिच्या हातातून ओढून घेतली.

उद्धटपणे नाही. स्वतःचा डबा कुणी उघडायला लागलं तर घ्यावा तशी. रबर तिला निघेना, ताणलं, सुटून टप्पदिशी खाली पडलं, हीर पसरले. पाच मोजून तिने विद्याच्या हातावर ठेवले, उरलेले पाच नीट ओळीने लावले, दोन जुड्या शेजारी. पंचवीस. आणि हॉलमध्ये तो श्वास आला.

राजसबाईंचे डोळे भरून आले. बघा, बघा, ही माझी...

रामस्वामी सर टाळ्या वाजवत खाली वाकले. "शाबास! हे कुणी शिकवलं तुला?"

विद्या हसरीच राहिली, पण तिची बोटं पदराशी चाळा करू लागली. यामिनीने विद्याकडे बघितलं. मग पहिल्या रांगेकडे. राजसबाईंकडे, सरळ, ओळखीने बघितलं. सांग. मला नाही बोलता येत, तू सांग, बाळ, एक नाव...

"यारुम इल्लै सर," यामिनी म्हणाली. "नानेदान."

कुणीच नाही. माझं मीच.

हॉल खळाळून हसला. सर म्हणाले, बघा, हीच पद्धतीची कमाल, आणि विद्याने सुटकेने मान झुकवून ते स्वीकारलं, आणि पोर दात नसलेलं हसू घेऊन उड्या मारत त्यांच्या खुर्चीजवळून निघून गेली. वेणीची फीत हाताला लागून गेली. खोटं नव्हतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. मी कधी काय सांगितलं होतं तिला? माझं मीच, असंच तर तिला वाटायला हवं होतं, त्यासाठीच हात पाठीमागे बांधले ना प्रत्येक गुरुवारी? मग हे काय फाटलं आत... विद्याने घेतलं तेव्हा नुसतं जळलं होतं, ते समजण्यासारखं होतं, पण या पोरीने तर काही घेतलंच नाही. तिने नुसतं दाखवलं, गुरूंनी करवलं म्हणून मान खाली घालणारी मी, इतकी वर्षं, त्या खाली घातलेल्या मानेनेच कान लावून बसले होते, कुणीतरी नाव घेईल म्हणून. गुरूंना वाहिलेल्या त्या गप्प सकाळी... सगळ्या वाहिल्या होत्या का? की काही ठेवून घेतल्या होत्या मी, कुणाला न कळता, गुरूंनाही?

"अक्का." विद्या समोर उभी होती, वाकून, बाटलीचं झाकण उघडून, नेहमीसारखी. त्या दोघींच्याच मराठीत, हळू, म्हणाली, "साडेदहा झाले की. बोला आतां."

"हो हो, बोला मिस," सर म्हणाले. यादी त्यांच्या हातात उघडीच होती. सगळ्या माना वळल्या.

राजसबाईंनी तळहात पुढे केला. पाणी पडलं, कोमट, आणि तळव्यातल्या रेघांत साचून राहिलं. खुर्चीच्या पायाशी लाल रबर पडलं होतं. पहिला शब्द गुरूंचा. अठरा वर्षं तो न शोधता आला होता, ओठ उघडायचा अवकाश. त्यांनी ओठ उघडले, आणि जिभेवर जो येऊन बसला होता तो 'माझं' होता, फक्त 'माझं', तीन वर्षांच्या पोराने मुठीत धरावा तसा घट्ट.

त्यांनी ओठ मिटले. दहा एकतीस. बोटांच्या फटींतून पाणी साडीवर गळत होतं, विद्या बाटली धरून उभी होती, आणि बायांना वाटत होतं मौन अजून चालूच आहे. ते सुटलं होतं. आताचं हे गप्प बसणं कुणालाच वाहिलेलं नव्हतं, आणि ते किती वाजेपर्यंतचं, त्यांना माहीत नव्हतं.