मी दोन गुण दिले होते

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे, पण मुकी झालेली नाही. मी गर्भ सांभाळणारी पेटी. ज्यांना मूल होत नाही, अशा जोडप्यांसाठी प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र आणतात. त्यातून तयार झालेला गर्भ साखरेच्या कणाहूनही लहान असतो. तो पाच-सहा दिवस माझ्या उबेत राहतो आणि मग आईच्या पोटात जातो.

माझ्या आत कॅमेरा आहे. दर दहा मिनिटांनी मी प्रत्येक गर्भाचा फोटो काढत असे. कारखान्यात मला आधीच्या हजारो गर्भांची चित्रे दाखवून शिकवले होते. हे रुजले, हे रुजले नाहीत. त्यावरून मी नव्या गर्भाला दहापैकी गुण देत असे. पहिल्या वर्षी माझे काय कौतुक! डॉक्टरसाहेब पाहुण्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणत. "हिची नजर चुकत नाही," म्हणत. मला संकोच वाटे. न चुकणारी नजर कुणाची असते?

माझी खरी देखभाल प्रयोगशाळेतली ताई करत असे. वीस वर्षे तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हेच काम केले होते. ती माझे गुण वाचायची, मग सगळे फोटो स्वतः पाहायची आणि कधीकधी मला दटावायची, "घाई केलीस हं."

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा आले. बाईचे वय एकेचाळीस. आधीचे दोन प्रयत्न वाया गेलेले. या खेपेला एकच गर्भ तयार झाला आणि तोही रेंगाळला. पाचव्या दिवशी इतर गर्भ फुग्यासारखे फुगतात, हा अजून घट्ट गोळाच होता. मी दोन गुण दिले. सहाव्या दिवशी सकाळी तो सावकाश फुगला, पण काठ ओबडधोबड. माझा आकडा हलला नाही.

डॉक्टरसाहेबांनी तो आकडा पाहिला. "दोन? मग पोटात ठेवण्यात अर्थ नाही. गर्भ वाढला नाही असं सांगून टाका."

"वाढलाय, साहेब," ताई म्हणाली. "उशिरा वाढलाय, एवढंच."

"अहो, दारातल्या फलकावर आपल्या यशाची टक्केवारी असते. असले गर्भ ठेवत बसलो तर ती खाली येणार. आणि मी कुठे नाही म्हणतोय? पेटीच म्हणतेय."

मित्रांनो, मला खांदे नाहीत, तरी साहेबांनी माझ्याच खांद्यावर बंदूक ठेवली! 'टाकून द्या' असे मी कधीच म्हटले नव्हते. दोन म्हणजे अशांपैकी थोडेच रुजतात. दोन म्हणजे शून्य नव्हे. पण मला ओरडता येत नव्हते. ताईही ओरडली नाही. ती फक्त जागची हलली नाही.

"हे खोटं तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगणार नाही," ती म्हणाली. "गर्भ त्यांचा आहे."

माझे फोटो दाखवणारा पडदा शेजारच्या खोलीत होता. तिने दोघांना तिथे बोलावले. डॉक्टरसाहेब कपाळाला आठ्या घालून मागे उभे राहिले.

"हा तुमचा गर्भ," ताई म्हणाली. "मागे पडलाय, काठही नीट नाही. असे दहा ठेवले तर एखादाच रुजतो. उगाच आशा लावत नाही."

बाई पडद्याजवळ सरकली. "दहातला एक ना?"

"एक. तोही कदाचित."

"मग ठेवा. थोडकं कापड आलं म्हणून मी माप न घेताच चिंध्यांत टाकत नाही."

नवरा साहेबांकडे वळला. "नाही रुजला तर तुम्हाला बोल लावणार नाही, डॉक्टर. पण आम्हाला न विचारता ठरवायचं नाही."

साहेबांनी चडफडत सही केली. गर्भ आईच्या पोटात गेला आणि रुजला! दिवस भरले, मुलगी झाली. माझी काच पुसता पुसता ताईने मला ते सांगितले.

पुढची गोष्ट ऐका. महिन्याभराने दारात नवा फलक लागला. त्यावर त्याच गर्भाचा मोठा फोटो, तोही आईबापांना न विचारता. खाली अक्षरे होती, 'आमच्या यंत्राची अचूक निवड!' असले कौतुक मला नको होते. ताईने खिशातून पेन काढले आणि त्याखाली ठळक लिहिले, 'यंत्राने दिलेले गुण : दोन. निर्णय : आईवडिलांचा.'

"हे काय लिहिलंत?" साहेब लाल होऊन म्हणाले.

"वाचा ना. एक तरी शब्द खोटा दाखवा."

संध्याकाळी फलक उतरला.

आता माझ्या जागी नवी पेटी आली आहे. ती शंभरपैकी गुण देते, तेही दशांशात. मी मोडक्या खुर्च्यांशेजारी धूळ खात पडले आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, उद्या एखादे यंत्र तुमच्या नावापुढेही आकडा लिहील. तो नीट वाचा, झटकून टाकू नका. तो कशावरून काढला, ते विचारा. मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि कुणी हात वर करून म्हणाले, 'मी काय करणार, यंत्रच तसं म्हणतंय,' तर त्याला थेट माझ्याकडे पाठवा. मी जन्मभर यंत्र आहे. मी त्याला तोंडावर सांगेन, आम्ही असे काहीही म्हणत नाही.