काउंटरमागची खुर्ची

“खुर्च्या वर आणा! तपासनीस बाई दारात आल्यात!”

मिस्टर स्केल्टनने दबक्या आवाजात फर्मान सोडले आणि तळघरातून तीन खुर्च्या धावतपळत वर आल्या. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या त्या कापडाच्या दुकानात हा सोहळा दरवर्षी व्हायचा. तीन विक्रेतींमागे एक खुर्ची, असा कायदा होऊन दहा वर्षे झाली होती. पण खुर्चीत बसलेली बाई आळशी दिसते आणि गिऱ्हाईक बिचकते, असे देखरेख करणाऱ्या स्केल्टनचे शास्त्र होते.

हेस्टर पेंगेली रिबनच्या काउंटरवर बावीस वर्षे उभी होती. बाहेरचा चिखल आणि घोड्यांच्या बसगाड्या तिने इथूनच पाहिल्या. आता मोटारबस आल्या, रस्त्याच्या टोकाला भिंतीएवढ्या काचांचे नवे दुकान आले. रस्ता कुठल्या कुठे गेला. हेस्टर मात्र पोटऱ्यांच्या सुजलेल्या शिरांवर पट्ट्या बांधून होती तिथेच राहिली.

सरकारी तपासनीस बाईंनी वहीतून मान वर केली. “बसायला मिळतं ना?”

“हो, मॅडम,” शेजारची डोरा घाईघाईने म्हणाली. सगळ्याजणी दुकानाच्याच माडीवर राहत. नोकरी गेली की पलंगही जायचा.

“आणि तुम्हाला?”

हेस्टर दरवर्षी हो म्हणत आली होती. आज पाय ठणकत होते, आणि स्केल्टन तिच्याकडे पाहून गोड हसत होता. त्या हसण्यानेच तिचे डोके फिरले.

“नाही. ही खुर्ची तुमच्याबरोबर वर आली, मॅडम, तुमच्यामागोमाग खाली जाईल. बोट फिरवून बघा, कोळशाची धूळ आहे.”

बाईंनी बोट फिरवले. मग त्या बराच वेळ लिहीत राहिल्या.

त्यांची पाठ फिरताच स्केल्टन कडाडला, “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? तासाभरात चालती हो!”

“वासे नाही हो, खुर्च्या मोजल्या. तीनच होत्या.”

डोराला रडू फुटले. “जाशील कुठे गं? माफी माग ना.”

“बावीस वर्षांत मागितल्या तेवढ्या पुरे. डोळे पूस, गिऱ्हाईक आलंय.”

जायला ठिकाण नव्हते, आणि भीती तर वाटतच होती. पत्र्याची पेटी घेऊन हेस्टर पुढच्या दाराने बाहेर पडली. ते दार विक्रेतींना वर्ज्य होते. भर दुपारी रस्ता माणसांनी फुलला होता. दुकानाच्या शोभेच्या काचेपुढे तिने पेटी ठेवली, झगा सावरला आणि ती पेटीवर बसली.

आतून स्केल्टन काच ठोठावत होता. हेस्टरने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.