गुरुवारचे उणे तीन

"तिला शून्याच्या खालचं कळत नाही, मॅडम," फार्मासिस्ट म्हणाला. "बाई प्रामाणिक आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण शिक्षण चौथी. उणे-अधिक सांगून सांगून थकलो मी."

दवाखान्याची मदतनीस समोरच बसली होती. सहा वर्षांत तो तिला पहिल्यांदा 'बाई' म्हणाला. एरवी ताई. आणि थकल्याचं म्हणाल तर, शिकवताना हा माणूस कधी थकलेला तिने पाहिलाच नव्हता.

ती नोकरीला लागली झाडू-पोछ्याला. मग लसींच्या फ्रिजचं तापमान रोज सकाळी वहीत लिहायचं काम तिच्याकडे आलं, कारण बाकी सगळे उशिरा यायचे. पहिल्याच महिन्यात तिने बर्फाच्या कप्प्यातलं उणे आठ हे उणे दोनपेक्षा मोठं, म्हणून जास्त गरम, असं ठरवून टाकलं. फार्मासिस्ट हसला नाही. तिला दवाखान्याच्या जिन्यावर घेऊन गेला. उंबरा म्हणजे शून्य, ताई. वर चढलीस की अधिक, तळघराकडे उतरलीस की उणे. आठ पायऱ्या उतरलेला माणूस दोन उतरलेल्याच्या वर असेल का? ती चार वेळा चढली-उतरली. नर्सबाईंना वाटलं, हिचं काहीतरी हरवलंय.

सरासरी त्याने चहाच्या कपांवर शिकवली. कुणाचा भरलेला, कुणाचा अर्धा. सगळा चहा पातेल्यात ओतायचा आणि सारखा वाटायचा. एकदा फ्रिज बिघडून आठवडाभर नोंदच नव्हती, तेव्हा तिने विचारलं, भाऊ, शून्य दिवसांची सरासरी किती? तो खूश झाला. म्हणाला, शून्याने भागायचंच नसतं. घ्यायला माणूसच नाही, तर प्रत्येकाला किती आलं हे विचारायचं कुणाला? ते तिने घरी जाऊन नवऱ्याला समजावलं. त्याला कळलं नाही, याचा तिला आठवडाभर आनंद होता. दवाखान्यात तिला सगळे 'प्रोफेसरीण' म्हणू लागले. ती लटकं रागवायची.

म्हणून त्या गुरुवारी फ्रिजवर उणे तीन दिसल्यावर तिने वहीत उणे तीनच लिहिलं आणि धावत जाऊन त्याला सांगितलं. गोठलेली लस पाण्याच्या मोलाची, हेही त्यानेच शिकवलेलं. तो म्हणाला, बघतो मी. सोमवारी लस टोचली गेली. तिला वाटलं, भाऊंनी बघितलं असणार. पुढच्या आठवड्यात नर्सबाईंना उरलेल्या बाटल्यांत गुठळ्या दिसल्या. एक्केचाळीस पोरांना पुन्हा टोचायचं होतं, आणि चौकशीला वरून मॅडम आल्या होत्या.

"फ्रिजच्या यंत्रात उणे तीनची नोंद आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही अधिक तीन लिहिलंत."

"मी उणे लिहिलं होतं. ह्यांना सांगितलंही होतं."

फार्मासिस्टने मान हलवली. दया येते तशी.

मॅडमनी वही तिच्यापुढे सरकवली. तीन तिचाच. आडवी रेघही तिचीच, जरा तिरकी. तिच्यावर एक सरळ, नेटकी उभी रेघ होती. रेघेला काही हस्ताक्षर नसतं. नोकरी जाणार, हे तिला कळलं. त्याची बढतीची फाईल वर गेली होती, तीही आठवली. पण सलत होतं ते निराळंच. आपल्याला येत नाही, असं सांगणारा हाच निघावा.

ती उगाच ओळ वाचत राहिली. पाच, सहा, पाच, तीन, सात, चार, चार. शेवटच्या रकान्यात आठवड्याची सरासरी, ४.०. तो रकाना नेहमी त्याच्याच हातचा. ती थांबली. बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजलं.

"मॅडम, ही सरासरी कुणी काढली ते विचारा."

"मीच काढतो," तो म्हणाला. "दर रविवारी, संध्याकाळी."

"मग एक कागद द्या."

तिने बेरीज मांडली. अधिक तीन धरले तर चौतीस. "सात चोक अठ्ठावीस, बाकी सहा. म्हणजे पाचाला थोडं कमी. चार येत नाही." मग खाली दुसरी मांडली, गुरुवारचे तीन वजा करून. "अठ्ठावीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी शून्य. चार. ह्यांनी भागलं, त्या रविवारी इथं उणेच होतं."

मॅडमनी स्वतः एकदा करून पाहिलं. मग वही मिटून आपल्या बाजूला ठेवली आणि दोघांना बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर एकच बाक होता. तो एका टोकाला बसला, ती दुसऱ्या. बराच वेळ तो हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"दोन्ही तऱ्हेने करून दाखवलंस, ते चांगलं केलंस, ताई," शेवटी तो हळूच म्हणाला. "नुसतं एकाने सिद्ध झालं नसतं."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. चांगलं गणित पाहिलं की त्याचा चेहरा असाच व्हायचा. तिचे डोळे तेव्हा भरून आले. आतमध्ये आले नव्हते.

ती उठली आणि पोरांच्या घरी निरोप द्यायला यादी मागण्यासाठी नर्सबाईंच्या खोलीकडे गेली.