मकबूलभाईंच्या गाडीतला जळका रिले

मित्रांनो, गाडीत बसताना तुम्ही मला कधी पाहिले नसेल. काडेपेटीहूनही लहान, काळ्या टोपणाचा मी एक जुना रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका. जळकोटच्या मकबूलभाईंच्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डखाली माझी जागा होती. किल्ली फिरली की माझ्या पोटातल्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटत, त्यांतून वीज पंपाकडे जाई, पंप इंजिनाला पेट्रोल पुरवी आणि गाडी चालू होई. एवढेच माझे काम.

कारखान्यातल्या एका बाईने मला तपासून 'ठीक' म्हटले होते. अकरा वर्षे मी तिचा शब्द राखला. किती भाविक मी तुळजापूरला पोहोचवले, किती वऱ्हाडे वेळेवर मांडवात नेली! "माझी गाडी कधी दगा देत न्हाय," असे मकबूलभाई म्हणत, तेव्हा मी मनातून सुखावत असे.

मग माझ्या पट्ट्या झिजल्या, काळवंडल्या. यंदाच्या उन्हाळ्यात मी तापलो की गाडी मधेच बंद पडू लागली. मकबूलभाई डॅशबोर्डखाली एक बुक्की मारत आणि मी कसाबसा पुन्हा जुळत असे.

"तुळजापूरला फारुख मिस्त्रीला दाखवा की एकदा," त्यांची बायको शरिफाबी म्हणे.

"चालतीय न्हवं? मग कशाला?"

असा महिना गेला.

एका दुपारी शेजारचे गुरुसिद्धप्पा धावत आले. त्यांची बायको इरम्मा हिच्या छातीत कळ आली होती. मकबूलभाईंनी हातातला घास टाकला आणि गाडी काढली. मागच्या सीटवर इरम्मा नवऱ्याच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. सोलापूरच्या रस्त्याला लागलो. नळदुर्ग मागे पडले आणि मी तापलो. पट्ट्या चिकटल्या, पण जळालेल्या जागेतून वीज पुढे जाईना. गाडी उघड्या माळावर थांबली.

मकबूलभाईंनी बुक्की मारली. पुन्हा मारली. बोटांची सालटी निघाली. मी माझा सगळा जीव एकवटला, मित्रांनो, पण जळालेल्या पट्टीला कसला जीव?

"मकबूल, हिचे हात गार पडायलेत," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

मकबूलभाई रस्त्यात उभे राहून हात करत होते. गाड्या जात होत्या. अर्ध्या तासाने एक टेम्पो थांबला. इरम्माला उचलून त्यात ठेवले. सोलापूर येण्याआधीच ती गेली.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढत तुळजापूरला नेली. फारुख मिस्त्रीने मला उपटून हातात घेतले.

"चाचा, हा जळालाय. कधीपासून अटकत होती गाडी?"

"महिना झाला."

फारुखने शेजारच्या रिलेवर बोट ठेवले. "हा हॉर्नचा. दोघं सारखेच. हा काढून तिथं लावला असता, तर गाडी चालू झाली असती. दोन मिनिटांचं काम."

मकबूलभाई खाली बसले. फारुखने माझ्या जागी नवा रिले बसवला. गाडी एका दमात सुरू झाली. तो आवाज मकबूलभाईंना ऐकवेना. मला त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले.

घरी शरिफाबीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "अप्पांना जाऊन सांगा. दुसऱ्याकडून कळू देऊ नका."

गुरुसिद्धप्पा ओट्यावर बसले होते. मकबूलभाईंनी मला बाहेर काढून तळहातावर धरले.

"अप्पा, गाडी एकाएकी बंद पडली न्हाय. महिनाभर अटकत होती. मला ठाऊक होतं. म्या दुरुस्त केली न्हाय."

गुरुसिद्धप्पांनी मला उचलून बोटांत फिरवून पाहिले.

"ती सकाळपासनं म्हणत हुती, छाती दुखतीया," ते हळू म्हणाले. "म्या म्हटलं, चहा घे, बरं वाटंल. तीन दिवस मला वाटतंय, म्याच मारलं तिला."

मकबूलभाई पायरीवर बसले. गुरुसिद्धप्पांनी त्यांना ऊठ म्हटले नाही आणि बस असेही म्हटले नाही.

मित्रांनो, यंत्र असो की माणसाचे शरीर, ते बहुतेक वेळा आधी अडखळते. ते अडखळले तर बुक्की मारून पुढे जाऊ नका. थांबा, उघडून पाहा, जाणत्याला विचारा. मी महिनाभर सांगत होतो. इरम्माने सकाळपासून सांगितले होते.