जून महिन्यातली यादी

डॉ. एल्बर्ट थरलो १९०४ साली आमच्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विद्यापीठ म्हणजे विटांच्या दोन इमारती आणि आवारात चरणाऱ्या गायी. गायी त्यांनी स्वतः हाकलल्या. मग नऊ वर्षं आमदारांचे उंबरठे झिजवून ग्रंथालय उभं केलं, प्रयोगशाळा आणली, मुलींचं वसतिगृह बांधलं. मी ओर्फा लिंडक्विस्ट, त्यांची टायपिस्ट. त्या नऊ वर्षांतलं एकूण एक पत्र माझ्या बोटांखालून गेलंय, तेव्हा यातलं मला कुणी शिकवू नये.

१९१३ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक नील्स ओडेगार्ड यांनी एक पुस्तिका छापली. तांब्याच्या खाणीपेक्षा चार शेळ्या पाळणारी विधवा जास्त कर भरते, असं तिच्यात होतं. आकडे खरे होते, हाच त्यांचा गुन्हा. विश्वस्त मंडळाचे प्रमुख होरेस किट्रिज यांचा खाणीत मोठा हिस्सा होता. ते तडक कचेरीत आले. टोपीसुद्धा काढली नाही.

"जूनच्या यादीत ओडेगार्ड नको."

आमच्याकडे अध्यक्षांपासून कचेरीपर्यंत सगळ्यांचीच नेमणूक एकेका वर्षाची. जूनमध्ये अध्यक्ष यादी मांडत, मंडळ जेवता जेवता ती मंजूर करी. ज्याचं नाव नाही, त्याची नोकरी त्या क्षणी संपली. ज्याचं आहे, त्याला मात्र वर्षभर अध्यक्षांच्या लेखी तक्रारीशिवाय हात लावता येत नसे.

"आणि असला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग तुम्ही नसाल. विचार करा, डॉक्टर. राहतं घरही विद्यापीठाचंच आहे."

जेवणाच्या दिवशी मी टिपणं घ्यायला भिंतीशी बसले होते. किट्रिज डोळा मारून म्हणाले, "काय हो, गाळलंत ना नाव?"

"गाळलंय. तरी एकदा वाचा."

"नऊ वर्षांत कधी वाचलीय? इथे बदक थंड होतंय!"

"वाचा म्हणतो मी."

सगळे हसले. सात हात वर झाले, किट्रिजनी सही ठोकली. डॉक्टरांनी शांतपणे मांडीवरचा रुमाल घडी करून ठेवला.

"ओडेगार्ड यादीत आहेत. गाळलंय ते माझं नाव."

किट्रिज ताडकन उठले. "ही लबाडी आहे! आत्ताच्या आत्ता ओडेगार्डविरुद्ध तक्रार लिहा!"

"कोण लिहिणार? तुमच्याकडे अध्यक्षच नाही. शोधा नवा. पण इथं काय झालं हे कळल्यावर कोण येतो, तेही बघा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात किट्रिज माझ्याकडे वळले.

"मिस लिंडक्विस्ट, ती यादी फाडा. दुसरी टाइप करा, ओडेगार्डला वगळून. तारीख आजचीच. इथलं कुणी बाहेर बोलणार नाही."

"ओर्फा, तू यात पडू नकोस," डॉक्टर हळूच म्हणाले. "घरी आई आहे तुझी."

आई होती, अंथरुणाला खिळलेली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू! पण त्याहून जास्त मला राग आला होता.

"शेवटचं पान बघा, मिस्टर किट्रिज. कचेरीतल्या माणसांचं."

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. डॉक्टरही वाकून बघू लागले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"यात तुमचं नाव कुठंय?" किट्रिजनी विचारलं.

"टाइप करतानाच गाळलं," मी म्हणाले. "मशीन शेजारच्या खोलीत आहे. बसा तुम्हीच."