सेलेस्टबाईंचं चांद्रामृत

ऑस्ट्रेलियातल्या वॉरंबी गावच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर फेब्रुवारीचं ऊन रणरणत होतं आणि व्यासपीठावर सेलेस्टबाई कोरलच्या गालांना चांद्रामृत फासत होत्या. बघता बघता डोळ्यांखालच्या सुरकुत्या ताणून सपाट झाल्या. बायकांनी तोंडात बोटं घातली.

“अर्धा तास हसायचं नाही, बोलायचं नाही,” सेलेस्टबाई म्हणाल्या. “पाळी गेली की पेशी चंद्राशी अबोला धरतात. आत्ता कुठे त्यांचं बोलणं सुरू झालंय. मध्ये तोंड घालू नका.”

बोलणाऱ्याची माती खपते, ती अशी. मागे बसलेल्या नेरिडाचं डोकं तापलं होतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात तिचा जन्म गेला होता, आणि कोरल तिची सख्खी धाकटी बहीण. कोरल शाळेची बस चालवायची. रात्री दरदरून घाम फुटतो म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या, अंगाला चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या तिने या बाईच्या शब्दाखातर कचऱ्यात टाकल्या. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. परवा पोरांनी भरलेली बस चालवताना तिला डुलकी लागली. बस कुंपणाला घासून थांबली म्हणून निभावलं.

तेवढ्यात कोरलच्या मानेवरून लाली चढली. अंगातून उष्णतेची लाट गेली, चेहरा घामाने डबडबला आणि नितळ गालांवरून पांढरे पापुद्रे सुटू लागले.

“कुणाची तरी अश्रद्धा आड आली,” सेलेस्टबाई पुटपुटल्या.

“माझीच,” म्हणत नेरिडा पुढे आली. तिने चांद्रामृताची बाटली उचलून चहासाठी उकळत ठेवलेल्या पाण्यात उपडी केली. अमृताच्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या.

“जत्रेसाठी अंड्याच्या पांढऱ्याचा पावलोव्हा केक करता ना गं? अंडी फोडताना पांढरं मनगटावर वाळलं की कातडी ओढते, तेच हे. वर चार थेंब अत्तर. घाम आला, खेळ संपला.”

कोरल रडवेली झाली. “मग ताई, सुरकुत्या जायच्याच नाहीत?”

“पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, कातडीला आतून धरून ठेवणारं कोलॅजेन कमी होतं. ती पातळ, कोरडी पडते. वर आपलं हे ऊन. टोपी घाल, सनस्क्रीन लाव, बाकीचं डॉक्टरांना विचार. औषध फेकायला सांगणाऱ्याला आधी ‘का’ म्हणून विचारायचं असतं, एवढीही अक्कल गहाण टाकलीस? आता बसची किल्ली दे. पुन्हा नीट झोपायला लागेपर्यंत बसला हात लावायचा नाही. पोरांचा जीव तुझ्या झोपेवर आहे, गालांवर नाही.”

कोरलने किल्ली काढून दिली. पुढच्या रांगेत त्याच पोरांच्या आया चांद्रामृत घ्यायला बसल्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही.