बोलावणं

सावनी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "काय गं ही धूळ! कशी राहतेस इथं?"

"धूळ कुठं नसते?" तिची बॅग उचलत मी म्हटलं. "तुमच्या गुहागरला काय रस्त्यावर अत्तर शिंपडतात?"

बोलले आणि जीभ चावली. 'तुमच्या' म्हणे! जन्म माझाही तिथलाच. आणि सावनी कशासाठी आलीय ते मला चांगलं ठाऊक होतं. गुहागरला तिच्या सहा खोल्या आहेत पाहुण्यांसाठी, शिवाय खानावळ. जाऊ वेगळी झाल्यापासून ती एकटी ओढत होती. "हक्काचं कुणीतरी भागीदारीला हवं गं," असं फोनवर म्हणाली होती. "तिकडे येते, मग सविस्तर बोलू." शाळेत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला यापेक्षा जास्त काय सांगावं लागतं?

माझ्या नवऱ्यानं, केशवनं तर त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी माळ्यावरच्या बॅगा खाली काढून पुसल्या. त्यानं वाळूजच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, लेक पुण्यात संसाराला लागली होती. मला इथं अडवून धरणारं काही उरलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मला समुद्राची स्वप्नं पडायची, अजून पडतात. आता फक्त सावनीनं 'ये' म्हणायचं होतं. आपण होऊन मागणं मला जमणार नव्हतं. तिचं घर, तिचा धंदा, तिथं मी कुठल्या तोंडानं जागा मागू?

आम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून केशव कन्नडला मित्राकडे निघून गेला. जाताना दारात हळूच म्हणाला, "तिनं विचारलं की लगेच हो म्हण. उगाच भाव खाऊ नकोस."

भाव मी खात नव्हते. माझा स्वभावच वाईट. या गावाला मी दिवसातून दहादा नावं ठेवते, पण दुसऱ्या कुणी ठेवली की अंगाचा तिळपापड होतो.

गाडी मीच चालवत होते. दौलताबादच्या रस्त्याला लागलो तशी सावनी खिडकीतून बघत म्हणाली, "डोंगर आहेत, पण धड एक झाड नाही. तुला इथं उदास नाही वाटत?"

"झाडं नसली की डोंगर तरी दिसतात. तिकडं नारळ सोडून दिसतं काय?"

पुढं सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसल्या. विकणारा म्हातारा ओळखीचा, पुंजाराम. "घ्या ताई, नुसती साखर हाय," म्हणत त्यानं एक फळ फोडून सावनीच्या हातात दिलं. तिनं चव घेतली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "गोड आहे गं. पण आपल्याकडच्या हापूसची सर नाही. आठवण नाही येत?"

"हापूस महिना-दोन महिने मिरवतो नि गायब होतो," मी म्हटलं. पुंजाराम खूश होऊन हसला. सावनीनं उरलेलं फळ कागदात गुंडाळलं. मला माझ्याच मुस्काटात एक द्यावीशी वाटली.

वेरूळला मी मुद्दाम तिला कैलास लेण्याच्या एका थंड कोपऱ्यात नेऊन बसवलं. म्हटलं, इथं शांत आहे, इथं ती बोलेल. पायाची सारखी चाळवाचाळव चाललेली, ती दिसू नये म्हणून मांडी घालून बसले. सावनीनं चपला काढल्या, घाम पुसला, आणि खरंच बोलली.

"उमा, खरं सांग. तुला कंटाळा नाही आला इथला?"

आला, म्हणायचं होतं. एवढंसंच. पण तिची नजर त्या एवढ्या मोठ्या देवळावरून नुसती सरकून माझ्यावर आली होती, जसं काही ते बसस्टँड आहे. माझं डोकं फिरलं.

"कंटाळा? हे बघून? अगं, वरून खाली कोरत आणलंय हे. आधी कळस, मग पाया! एक घाव चुकला असता तर झाकायला जागा नव्हती." मी गाइडसारखी बोलत सुटले. हात नाचवून सांगत होते आणि आतून मला दिसत होतं की सावनी चपला परत पायात सरकवतेय.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या द्वारकाबाई. "उमाताई, कुठं हायेत तुम्ही? उद्याचं पाणी आजच सोडलंय! लई जोरात हाय. तुमची मोटर कोन लावनार? गेटाचं कुलूप तोडू का?"

आम्ही गाडीकडे अक्षरशः पळालो. "पाणी आलं म्हणून पळायचं?" सावनीला धाप लागली होती.

"आठ दिवसांनी येतं."

"आठ? अगं, धरण तर भरलंय म्हणालीस! कसे दिवस काढता तुम्ही?"

या पाण्यापायी मी दर आठवड्याला कपाळ बडवते. मोर्चात रिकामा हंडा घेऊन गेले आहे. पण तोंडातून निघालं ते असं: "त्यात काय? पाण्याची किंमत कळते इथं. तिकडं ढगफुटी झाल्यासारखा पाऊस, आणि मे महिन्यात टँकर!"

"उमा," ती म्हणाली, "मी सहज विचारलं गं."

मग तिनं खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटून घेतले.

घरी पोचल्यावर मात्र पदर खोचून कामाला लागली. पिंप, बादल्या, कळशा, पातेली. द्वारकाबाईंचं आणि तिचं लगेच जमलं. "तुमची मैत्रीन लई खमकी," द्वारकाबाई तिला सांगत होत्या. "हिच्याबिगर आमच्या गल्लीचं पान हलत नाय. हळदीकुंकू आसू द्या, भांडन आसू द्या, उमाताई पायजेच."

मी टाकी बघायला गच्चीवर गेले. खाली अंगणात सावनी येरझाऱ्या घालत फोनवर बोलताना दिसली. बराच वेळ बोलली. मला हायसं वाटलं. नवऱ्याला विचारत असेल, उमाला म्हणू का म्हणून. टाकी वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं.

जेवताना ती एकदम निवांत होती. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "छान आहे गं तुझं इथं."

दिवसभरात तिनं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं आणि मला नेमकं तेच नको होतं. "कसलं छान?" मी घाईनं म्हटलं. "उन्हाळ्यात भट्टी असते नुसती. आणि हे पाण्याचं, वैताग आहे गं, खरंच!"

"असू दे. आपलं घर ते आपलं घर." तिनं माझा हात थोपटला.

संध्याकाळी मी तिला सोडायला 'बाबा' पेट्रोल पंपापाशी, ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गेले. बस लागलेलीच होती. बॅग डिकीत टाकून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हसली.

"आता सांगते. मी तुला न्यायला आले होते, उमा. भागीदार म्हणून. पण तुझं इथलं सगळं बघितलं आणि म्हटलं, हे मोडून माझ्या खानावळीत ये, असं कसं म्हणायचं? माझी भाची मोनिका कधीची मागे लागली होती. दुपारी तिला हो म्हणून टाकलं."

मोनिका. अंगणातला तो फोन मोनिकाला होता.

"मला यायचंय," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की बसमधली माणसं बघायला लागली. "सावनी, मला यायचंय गं. केशवनं बॅगासुद्धा काढून ठेवल्यात."

तिचं हसू गेलं. आधी ती पांढरी पडली, मग चिडली. "मग बोलायचं ना! सकाळपासून दुसरं काय विचारत होते मी? मोनिकानं राजीनामा दिला, उमा. तासाभरात दिला. आता तिला काय सांगू?"

"तू सरळ का नाही विचारलंस?"

"आणि तू सरळ का नाही सांगितलंस?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं मला घट्ट मिठी मारली. दोघीही रडत होतो, आणि एकमेकींवर तितक्याच रागावलोही होतो. बस वळून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते. फोन वाजला.

"निघालो कन्नडहून," केशव म्हणाला. आवाजात नुसता उत्साह. "विचारलं का तिनं?"

"विचारलं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? मग काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं," मी म्हणाले. "बिचारीनं सकाळपासून किती वेळा विचारलं. दर वेळी नाहीच म्हटलं."